हरितकणातील विकर आणि कपाशीचे बियाणे

मुंबई उपनगरातील वर्सोवा हे नाव शेतकऱ्यांच्या कानावर असते ते तेथील कोळीवाड्यामुळे आणि सुक्या बोंबिलांमुळे. परंतु १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थाही याच वर्सोव्यात आहे, आणि निरनिराळ्या राज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांतील अनेक अधिकारी तेथे शिकून बाहेर पडलेले आहेत. मत्स्यशेतीचा पहिला धडा असा की, तळ्यातील मासा हा अखेर पाण्याच्या हिरवेपणावर जगतो. पाण्यात डोळ्यांस न दिसणारी सूक्ष्म शेवाळे वाढतात, त्यांवर बारीकसारीक जीव पोसले जातात, आणि त्या जीवांवर मासा पोसला जातो.

या धड्याचा आणि वऱ्हाडातील कपाशीच्या शेताचा काय संबंध, असे वाचकास वाटेल. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. तळ्यातील शेवाळ, बांधावरची हराळी आणि वाफ्यातील कपाशी या तिघांच्याही पेशींत एकाच जातीचा हिरवा कारखाना चालू असतो. त्या कारखान्यातील एका विकरावर आज बाजारात सर्वांत अधिक खपणारे तणनाशक आघात करते, आणि त्याच विकराची बदललेली आवृत्ती अंगी असलेले कपाशीचे बियाणे आपल्या राज्यात गेली काही वर्षे चोरीछुपे विकले जात आहे. हा विषय प्रयोगशाळेच्या चार भिंतींत ठेवून चालणार नाही. गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास त्याची जुजबी तरी माहिती असली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हरितकण आणि त्यातील काम

पानाच्या पेशीत जे सूक्ष्म हिरवे कण असतात त्यांस हरितकण म्हणतात. सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कर्बवायू यांपासून साखर तयार करण्याचे काम येथे होते, हे शाळेतील मुलासही ठाऊक आहे. परंतु हरितकणाचे काम तेवढ्यावर संपत नाही. प्रथिने ज्या घटकांपासून बनतात त्यांपैकी कित्येक अमायनो आम्लेही वनस्पती याच कणांत तयार करते. फेनिलॲलनीन, टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन ही त्यांपैकी तीन होत.

कोणतेही रासायनिक काम पेशीत आपोआप होत नाही. त्यासाठी विकर लागते. विकर म्हणजे एक प्रथिनच. दुधाला जसे विरजण, तसे पेशीतील क्रियेला विकर, असे समजावयास हरकत नाही. फरक एवढाच की विरजणात जिवंत जंतू असतात आणि विकर हा निर्जीव पदार्थ असतो. वर सांगितलेली तीन अमायनो आम्ले तयार होण्याच्या मार्गावर एक विकर आहे. त्याचे नाव लांबलचक असल्यामुळे शास्त्रज्ञ त्यास ईपीएसपीएस असे म्हणतात. या विकराचा आराखडा पेशीच्या केंद्रकात असतो. तेथून ते हरितकणाबाहेर तयार होते आणि मग आत पोचविले जाते. पाकिटावर पत्ता लिहावा त्याप्रमाणे त्याच्या टोकाला प्रथिनाचा एक लहान तुकडा जोडलेला असतो. हरितकणात शिरल्यावर तो तुकडा कापून टाकला जातो आणि विकर कामास लागते.

वनस्पती, बुरशी आणि कित्येक जीवाणू यांच्यात हे विकर आहे. माणूस, गाय, कोंबडी, मासा यांच्यात ते नाही. आपल्याला फेनिलॲलनीन आणि ट्रिप्टोफॅन ही अमायनो आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. तुरीच्या वरणातून आपण जे घेतो, त्याचा एक भाग तुरीच्या हरितकणांतील याच विकराची कमाई असते.

तणनाशकाचा घाव कोठे बसतो

ग्लायफोसेट या द्रव्याचा तणनाशक गुण अमेरिकेतील जॉन फ्रांझ या रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली ओळखला, आणि १९७४ मध्ये ते बाजारात आले. ते नेमके कोठे काम करते हे मात्र १९८० साली जर्मनीतील स्टाइनरुकेन आणि आम्रहाइन या संशोधकांनी दाखवून दिले. ईपीएसपीएस विकराला दोन पदार्थ एकत्र जोडावयाचे असतात. त्यांपैकी एकाच्या जागी ग्लायफोसेट जाऊन बसते आणि जागा अडवून धरते. कुलपात चुकीची किल्ली मोडून अडकावी तसा हा प्रकार होय. मग अमायनो आम्ले तयार होत नाहीत, नवी प्रथिने बनत नाहीत, आणि वनस्पती हळूहळू पिवळी पडून मरते.

हे समजले म्हणजे शेतातील कित्येक अनुभवांचा उलगडा होतो. हे औषध पानातून शोषले जाऊन मुळापर्यंत जाते, म्हणून हराळी, कुंदा, लव्हाळा यांसारख्या मुळांनी पसरणाऱ्या तणांवरही ते चालते. तण लगेच मरत नाही, कारण पेशीतील साठा संपावयास काही दिवस लागतात; तेव्हा चार दिवसांत परिणाम दिसला नाही म्हणून दुसरी फवारणी करणे हा निव्वळ अपव्यय होय. हे द्रव्य मातीच्या कणांस घट्ट चिकटते, म्हणून गढूळ पाण्यात कालविल्यास त्याची शक्ती कमी होते. आणि मुख्य गोष्ट ही की, तण कोणते आणि पीक कोणते हे त्या द्रव्यास कळत नाही. ज्यात ते विकर आहे, ते हिरवे रोप त्याचे भक्ष्य.

कुपीतील विकर

विकराचा अभ्यास करावयाचा तर ते शुद्ध स्वरूपात हाती पाहिजे. पानातून ते काढू गेल्यास मणभर पाला वाटून चिमूटभर माल मिळावयाचा, आणि त्यातही इतर शेकडो प्रथिनांची भेसळ राहावयाची. ही अडचण पुनःसंयोजनाच्या तंत्राने दूर झाली. वनस्पतीचे जनुक काढून ते एका निरुपद्रवी जीवाणूत बसवितात. जीवाणू मोठ्या भांड्यात वाढवितात, आणि तो वाढता वाढता आपल्या कामाबरोबर वनस्पतीचे विकरही तयार करू लागतो. नंतर जीवाणू फोडून त्यातील इष्ट प्रथिन गाळून वेगळे करतात आणि अतिशीत कपाटात जपून ठेवतात. मधुमेहाच्या रोग्यांस मिळणारे इन्शुलिनही १९८२ पासून याच मार्गाने तयार होऊ लागले, हे सांगितले म्हणजे या तंत्रात जादूटोणा काही नाही हे पटेल.

अशा विकराच्या कुपीवर ‘केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी’ असे लिहिलेले असते. ते ना खत आहे, ना औषध. परंतु त्याचे उपयोग मोठे आहेत. नवे तणनाशक विकरास किती प्रमाणात अडविते, हे शेतात फवारण्यापूर्वी परीक्षानळीत पाहता येते. शुद्ध प्रथिन हाती असले म्हणजे त्यास ओळखणारी प्रतिद्रव्ये तयार करता येतात, आणि त्या प्रतिद्रव्यांपासून कागदाच्या पट्टीवरची साधी चाचणी बनविता येते. पानाचा तुकडा थोड्या द्रावणात चुरडून त्यात पट्टी बुडविली की काही मिनिटांत रेघ उमटते किंवा उमटत नाही. याच पट्टीचा आपल्या शेतकऱ्याशी संबंध येतो, तो पुढीलप्रमाणे.

चोरटे बियाणे

अमेरिकेत ग्लायफोसेट तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या सांडपाण्यात एक जीवाणू तग धरून राहिलेला आढळला. त्याच्यातील ईपीएसपीएस विकराची घडण अशी होती की ग्लायफोसेट त्यात नीट अडकत नसे. त्या जीवाणूचे जनुक पिकात घातले, आणि तयार होणारे विकर हरितकणात पोचावे म्हणून त्यास वनस्पतीच्या विकराचा ‘पत्ता’ जोडला. १९९६ पासून अमेरिकेत असे सोयाबीन पेरले जाऊ लागले. पुढे कापूसही आला. तणनाशक फवारले की तण मरते आणि पीक उभे राहते.

भारतात बोंडअळीस प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसास मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या कापसास मात्र आजतागायत अशी मान्यता मिळालेली नाही. त्यासाठी केलेला अर्ज २०१६ साली मागे घेण्यात आला. तरीही असे बियाणे महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र प्रदेश आणि गुजरात या राज्यांत शेतांवर आढळले, आणि २०१७ पासून त्याची सरकारी चौकशी सुरू झाली. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ आणि त्याखालील १९८९ चे नियम यांनुसार मान्यतेवाचून असे बियाणे तयार करणे, विकणे किंवा पेरणे हा कायद्याचा भंग आहे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने शेकडो शेतकऱ्यांनी उघडपणे हे बियाणे पेरून कायदेभंग केला. हा प्रसंग सरकारी दप्तरात नोंद करून विसरण्याजोगा नव्हता.

शेतकऱ्याची बाजू

येथे शेतकऱ्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कपाशीच्या पहिल्या दोन महिन्यांत तण आवरले नाही तर पीक हातचे जाते. नेमक्या त्याच दिवसांत पाऊस लागून राहतो, वाफसा येत नाही, डवरा चालत नाही, आणि गावातील प्रत्येकास एकाच वेळी निंदणीची माणसे हवी असतात. मजुरीचा दर चढतो, आणि दर देऊनही माणूस मिळेलच अशी खात्री नसते. दोनतीन एकरांच्या धन्यास हा खर्च सोसत नाही. तण आवरण्याचा स्वस्त उपाय त्याने शोधावा यात गैर काहीच नाही. परदेशातील शेतकऱ्यास जे साधन मिळते ते आम्हास का नाही, असे तो विचारतो तेव्हा त्यास ‘बंदी आहे’ एवढेच उत्तर देणे पुरेसे नाही. बंदीमागील कारणे त्यास समजावून सांगितली पाहिजेत, आणि परवानगी द्यावयाची किंवा नाकारावयाची याचा निर्णय वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवणेही योग्य नव्हे. निर्णय लांबला की त्याची जागा चोरबाजार घेतो.

परंतु मागणी न्याय्य असली तरी चोरट्या पिशवीचा सौदा शेतकऱ्याच्या हिताचा नाही, असे आमचे मत आहे. त्याची कारणे अशी:

पहिले कारण हे की, त्या पिशवीत काय आहे याची हमी कोणीही देत नाही. उगवण किती, वाण कोणता, बोंडअळीचा प्रतिकार आहे की नाही, सारेच अंधारात. बियाणे उगवले नाही तर तक्रार करावयास पावती, लेबल आणि पिशवीवरचा गट क्रमांक लागतो. पावतीवाचून घेतलेल्या बियाण्याचे नुकसान शेतकऱ्याच्या एकट्याच्याच पदरी पडते. विकणारा पुढील हंगामात त्या गावी फिरकतही नाही.

दुसरे कारण आंतरपिकाचे आहे. विदर्भ-मराठवाड्यात कपाशीच्या ओळींबरोबर तुरीची ओळ घालण्याची चाल आहे. घरच्या डाळीची ती सोय असते, आणि कपाशी बुडाली तर तूर हात देते. शेतावर ग्लायफोसेट फवारावयाचे ठरले की तुरीस जागा उरत नाही, कारण तिच्या हरितकणातील विकर जुनेच आहे. मूग-उडदाची तीच गत. वाऱ्यावर उडालेला फवारा शेजाऱ्याच्या शेतात गेला तर त्याचे साधे पीक मरते, आणि बांधावरून भांडण उभे राहते. बांधावरची तांदुळजा, पाथरी, कुर्डू यांसारखी रानभाजीही त्यात जाते. ती ज्या घरात शिजत होती त्या घराची चूल बहुधा निंदणीच्या मजुरीवरच चालत असते.

तिसरे कारण निसर्गाच्या हिशेबाचे आहे. एकच औषध दरसाल त्याच शेतावर मारले की त्यास दाद न देणारे तण निपजते. ऑस्ट्रेलियात १९९६ साली ग्लायफोसेटास न जुमानणारे राय गवत आढळले. अमेरिकेतील एका जातीच्या राजगिऱ्याने तर याच विकराच्या जनुकाच्या कित्येक प्रती आपल्या पेशीत साठवून औषधावर मात केली. काही झाडांत अशा प्रती शंभरांहूनही अधिक आढळल्या. औषध जितकी विकरे अडवील त्याहून अधिक ते झाड तयार करू लागले! शेंदरी बोंडअळीने बीटी कपाशीस दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात आपल्या राज्यात केवढे नुकसान झाले, हे आपण विसरलेलो नाही. त्या वेळी कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा सल्ला बहुतेकांनी मनावर घेतला नव्हता. चोरट्या बियाण्याबरोबर तर सल्ला देणाराही कोणी नसतो.

तळ्याचे पाणी

आता वर्सोव्याच्या धड्याकडे वळू. शेततळ्यांची योजना राज्यात गावोगाव पोचली, आणि कित्येक शेतकऱ्यांनी त्यांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली. माशात ईपीएसपीएस विकर नाही. तेव्हा ग्लायफोसेटाने त्याचे काय बिघडणार, असा युक्तिवाद दुकानदार करतो. तो अर्धाच खरा आहे. एक तर औषध पानावर पसरावे म्हणून त्यात जी साबणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात, त्यांपैकी काही मासे व बेडूक यांस मूळ औषधापेक्षाही अधिक घातक ठरलेली आहेत. दुसरे असे की पाण्यातील शेवाळात ते विकर आहेच. काही शेवाळे औषधाने मरतात, काही टिकतात, आणि माशाच्या अन्नाचा समतोल ढळतो. पाण्यातील वनस्पती एकदम मेल्या तर त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. तेव्हा फवारणीचा पंप तळ्यावर, ओढ्यावर किंवा विहिरीच्या थारोळ्यात कधीही धुऊ नये.

माणसाच्या आरोग्याबाबत मतभेद आहेत, आणि ते लपविण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेटाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा वर्गात केली; अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा निष्कर्ष याच्या उलट आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून या औषधाचा वापर कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या व्यक्तींमार्फतच करावा असे फर्माविले. वाद तज्ज्ञ मिटवोत. हातमोजे, तोंडावर फडके आणि अंगभर कपडे यांवाचून कोणतीही फवारणी करू नये, याबद्दल मात्र वाद नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशकांच्या फवारणीत शेतकरी व मजूर प्राणास मुकले, ती शिकवण महागात मिळालेली आहे.

करावयाचे काय

शासनाने, कृषी विद्यापीठांनी आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे.

विकर ओळखणारी पट्टी आज प्रामुख्याने तपासनिसाच्या पेटीत असते आणि तिचा उपयोग खटला भरण्यासाठी होतो. तीच पट्टी शेतकऱ्याच्या सेवेस लावावी. पेरणीपूर्वी आठपंधरा दिवस आधी शेतकऱ्याने पिशवीतील मूठभर बी कुंडीत उगवून आणावे, आणि तालुक्याच्या ठिकाणी त्याची तपासणी विनामूल्य, नाव न विचारता व्हावी. त्याच रोपांवरून उगवणीचे प्रमाणही त्यास कळेल. पट्टीस मर्यादा आहेत. विकर आहे की नाही एवढेच ती सांगते, बियाणे चांगले की वाईट हे ती सांगत नाही. परंतु फसवणूक झाली हे पेरणीपूर्वी कळणे आणि पेरणीनंतर कळणे यांत एका वर्षाच्या संसाराचे अंतर असते.

तणाचा प्रश्न सोडविण्याचे कायदेशीर मार्गही आहेत, ते शेतकऱ्यापर्यंत पोचवावेत. वेळेवरची डवरणी, दोन ओळींत आच्छादन, पेरणीनंतर व उगवणीपूर्वी वापरावयाची मान्य तणनाशके, बैलजोडी नसणाऱ्यासाठी भाड्याचे लहान यंत्र, यांची गावात प्रात्यक्षिके झाली पाहिजेत. परकीय जनुक न घालताही संशोधन पुढे गेलेले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने हरितकणातीलच दुसऱ्या एका विकरात उत्परिवर्तन असलेले भाताचे दोन बासमती वाण २०२१ मध्ये पुढे आणले. ते इमाझेथापायर हे तणनाशक सहन करतात. अशा वाणांनाही तणाच्या प्रतिकाराचा धोका आहेच, परंतु ते उघड्यावर, नावानिशी आणि सल्ल्यासह शेतकऱ्याच्या हाती येतात. साधनापेक्षा त्याची ही रीत अधिक महत्त्वाची.

कार्यकर्त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. शेतकऱ्यास गुन्हेगार समजून त्याच्या दारी जाऊ नये. ज्याने चोरटे बियाणे पेरले आहे तो बहुधा फसलेला किंवा अडलेला माणूस असतो. त्याच्याकडून पिशवी कोठून आली हे जाणून घ्यावयाचे असेल तर आधी त्याचा विश्वास मिळवावा लागेल, आणि विश्वास मिळतो तो उपयोगी पडणाऱ्यास.

शेतकरी बंधूंनीही आपली जबाबदारी ओळखावी. पावतीवाचून बियाणे घेऊ नये. पिशवी, लेबल आणि थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. तुरीची ओळ मोडण्यापूर्वी घरातील बायामाणसांचा विचार घ्यावा, कारण डाळीचा आणि निंदणीच्या मजुरीचा हिशेब त्यांच्याच हाती असतो. आणि नवे तंत्र हवे असेल तर ते ग्रामसभेत, शेतकरी मेळाव्यात, विद्यापीठाच्या शिवारफेरीत उजळ माथ्याने मागावे. ज्या विकराच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे वेचली, त्याचे बरेवाईट परिणाम शेवटी शेतकऱ्याच्याच शेतात दिसावयाचे आहेत. त्याविषयी पुरती माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि ती त्याच्या बांधापर्यंत पोचविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.